मास्तरांची बिनसरकारी अंत्ययात्रा

"मास्तरच्या मयताला सरकारचं बोट लागू देनार न्हाई म्हंजे न्हाई!"

भाऊसाहेबांनी हे भर अंगणात, छाती काढून जाहीर केलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दुपारी दोन वाजता तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर डोक्यावर ओला टॉवेल टाकून बांधावर बसलेला एक हताश माणूस दिसला असता. पण आधी भाऊसाहेब कोण आणि मास्तर कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाला सरकारचं एवढं वावडं कसलं?

भाऊसाहेब म्हणजे भीमराज. अडतीस वर्षं तलाठी. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात आणि निवृत्त झाला तरी ते नाव सुटत नाही. पाथर्डीपासून नेवाशापर्यंत या माणसानं इतके बांध तुडवले होते, की स्वप्नातसुद्धा त्यांना माणसांऐवजी गट नंबर दिसत.

मास्तर म्हणजे यज्ञेश्वर. भीमराजचे शाळेतले बाकसोबती. गणिताच्या खाजगी शिकवण्या घेऊन जगले, सरकारी नोकरीला शिवले नाहीत. रेशनकार्ड नाही, कसला दाखला नाही, आयुष्यात एकही अर्ज केला नाही! वडिलांची अठरा एकर जमीन कूळकायद्यात गेली, तेव्हा मास्तर पाटी-पेन्सिलीच्या वयाचे होते. "जमीन गेली याचं दुःख नाही," ते म्हणत, "विचारलं नाही, याचं आहे."

रोज संध्याकाळी दोघं एसटीच्या थांब्यावर भेटत. तिथल्या बाकावर 'खासदार निधीतून' असं लाल अक्षरात रंगवलेलं होतं. म्हणून मास्तर बाकावर बसत नसत! घरून लोखंडी घडीची खुर्ची काखोटीला मारून आणत आणि बाकाला खेटून मांडत. भाऊसाहेब सरकारी बाकावर, मास्तर स्वतःच्या खुर्चीवर, आणि मधे वाद.

"सरकार म्हणजे राखणदार, भीमराज! राखणदारानं फाटकापाशी बसावं. चोर आला तर काठी उगारावी. घरात शिरून आमटीत मीठ किती घालायचं ते सांगू नये!"

"आन फाटकाच्या आत घरचीच एकमेकाला मारत आसली तर? माझ्या आज्याला तुमच्या आडावर पानी भरू देत न्हवते. तवा तुझं व्यक्तिस्वातंत्र्य कुठं गेल्तं रं? कायदा आला, पोलीस आडापाशी हुबा ऱ्हायला, तवा आमची घागर बुडाली!"

यावर मास्तर म्हणत, "तिथं काठी पाहिजेच होती. तेवढं तुझं बरोबर. पण चोर पळाल्यावर राखणदार ती काठी घेऊन घरातच राहायला आला, त्याचं काय?"

आणि मग गाडी हमखास भाऊसाहेबांच्या दोन एकरांवर येई. ती त्यांची पिढीजात वतनाची जमीन. सातबाऱ्यावर शेरा 'भोगवटादार वर्ग दोन'. म्हणजे कसा, पिकवा, खा. पण विकायची, बांधायची, दुसऱ्या कशाला वापरायची म्हटलं की साहेबांची परवानगी.

"तुझ्या रानाचा मालक तू, की जिल्ह्याचा साहेब?" मास्तर विचारत.

"अट हाय म्हनून रान हाय, मास्तर. न्हाईतर माझ्या बापाचा अंगठा कुनीबी कवाच घेतला आसता."

"म्हणजे तुझ्या बापाला कळत नव्हतं, असं सरकारचं मत. तुझंही तेच मत आहे का?"

भाऊसाहेबांना याचा राग येई. दोन दिवस ते थांब्यावर फिरकत नसत. तिसऱ्या दिवशी खुर्ची आणि बाक पुन्हा शेजारी शेजारी. तीस वर्षं हे चाललं होतं आणि निकाल लागत नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी खिशातून एक कागद काढला. "मी गेल्यावर एवढं बघ." कागदावर एकच ओळ होती. माझ्या अंत्ययात्रेत सरकारचा कशालाही स्पर्श होऊ नये.

"आरं, चुटकीसरशी!" भाऊसाहेब म्हणाले. "सरकार कुठं कुठं आसतं ते मला ठावं. म्हंजे कुठं नसतं तेबी मलाच ठावं!"

एप्रिलमधल्या त्या सकाळी मास्तरांच्या मुलीचा, नीलांबरीचा फोन आला. ती पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. "काका, बाबा उठत नाहीयेत." भाऊसाहेब चप्पल न घालताच पळाले. मास्तर कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली. भाऊसाहेबांनी त्यांच्या पायाचा अंगठा धरून पाहिला. गार होता. ते पाच मिनिटं तो अंगठा तसाच धरून बसले. पासष्ट वर्षांचा सोबती गेला होता आणि आता संध्याकाळी जायचं कुठं, एवढाच प्रश्न त्यांच्या डोक्यात घुमत होता. मग त्यांना कागद आठवला, आणि रडणं बाजूला ठेवून ते अंगणात आले.

पहिली आफत साडेआठलाच दारात येऊन उभी राहिली. सरपंच उत्तमरावांनी न मागता स्वर्गरथ पाठवला! पांढरीशुभ्र गाडी, फुलांच्या माळा, आणि दोन्ही बाजूंनी सरपंचांच्या पार्टीच्या साहेबांचा हात जोडून हसणारा फोटो. मयताच्या गाडीवर माणसानं एवढं हसावं का, हा प्रश्न आमच्या गावात आजवर कुणी विचारलेला नाही.

"परत घिऊन जा," भाऊसाहेब म्हणाले.

ड्रायव्हरनं उत्तमरावांना फोन लावला. उत्तमराव स्वतः आले. "भाऊसाहेब, मयतात राजकारन आनता व्हय? साहेबांची गाडी तुमाला चालत न्हाई?"

"साहेबांचं न्हाई ओ. मास्तरला सरकार नको हुतं."

"सरकार नको? म्हंजे दुसरं पायजे?"

झालं! अर्ध्या तासात हॉटेलावर बातमी पसरली की भाऊसाहेब विरोधी पार्टीत गेले आणि मास्तर मरताना पाठिंबा देऊन गेले. नऊ वाजता विरोधी मंडळी गळ्यात उपरणी घालून हजर. बरोबर त्यांची गाडी! त्यांच्या साहेबांचेही हात जोडलेले आणि तेही हसत होते. बोळात दोन्ही गाड्या समोरासमोर अडकल्या, ना पुढे ना मागे. गावात जिवंत आजाऱ्याला न्यायला एक गाडी मिळत नाही, आणि मेलेल्यासाठी दोन!

"काका, बाबांना सांगायला हवं हे," नीलांबरी हसत म्हणाली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. भाऊसाहेबांच्या बायकोनं, भामाबाईंनी, पोरीला कुशीत घेतलं.

दोन्ही गाड्या मागे घालवून, हार दारातच ठेवून, तिरडी बांधून होईस्तोवर अकरा वाजले. ऊन चढलेलं. आता न्यायचं कुठं?

"घाटावरच्या शेडमधी," खांदेकरी म्हणाले.

"शेड कशातून बांधलीय? निधीतून! पाटी वाचली न्हाई का?"

"मग नदीकडंला, उघड्यावर."

"नदीचं पात्र कुनाच्या नावावर हाय ठावं का? महसूल खात्याच्या!"

"मग माळावर?"

"गायरान! सरकारी!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. भाऊसाहेबांना सरकार कुठे कुठे असतं ते खरंच माहीत होतं. सगळीकडे होतं! इतक्या वर्षांत त्यांनीच तर ते एकेका गटावर निगुतीनं लिहून ठेवलं होतं. शेवटी प्रवरेच्या वरच्या अंगाला मास्तरांच्या एका विद्यार्थ्याचा पेरूचा बाग निघाला, शंभर टक्के खाजगी. विद्यार्थी फोनवर रडत हो म्हणाला. पण जायचं कसं? गावातून जाणारा रस्ता डांबरी, म्हणजे सरकारी!

"मागनं जायचं," भाऊसाहेबांनी फर्मावलं. "परसातनं निघायचं, बन्सीचं रान वलांडलं की बाग. डांबराला शिवायचंच न्हाई!"

आता बन्सीचं रान म्हणजे मास्तरांच्या वडिलांच्या त्याच अठरा एकरांतला तुकडा. बन्सीचा आजा तेव्हा कूळ होता. बन्सी स्वतः मास्तरांचा विद्यार्थी. बांधावर त्यानं पाटी लावलेली, 'खाजगी मालमत्ता. विचारल्याशिवाय आत येऊ नये.' ते वळणदार अक्षर मास्तरांचंच! रानात नुकताच काढलेला कांदा पातीसकट वाळत पसरला होता आणि बन्सी मधोमध उभा होता.

भाऊसाहेब पुढे झाले. आणि इथेच घात झाला. अडतीस वर्षांची सवय! त्यांनी उजवा हात वर केला आणि कचेरीतला आवाज काढला.

"बन्सी, बाजूला हो. हितनं जुन्या नकाशात पानंद हाय. वहिवाट हाय. तुला आडवता येनार न्हाई!"

बन्सीचे डोळे रडून लाल झाले होते. ते आता आणखी लाल झाले. "नकाशा दाखवता व्हय, भाऊसाहेब? दाखवाच. मंग मीबी मोजनी आनतो. तवर कुनी पाय टाकायचा न्हाई."

"आरं, मयत हाय! तुझ्या सरांचं!"

"सरांनीच शिकिवलंय! बाकी कायबी दीन, पन हक्कानं कुनी घुसायचं न्हाई."

तिरडी बांधाच्या अलीकडे थांबली. खांदेकऱ्यांनी दोनदा खांदे बदलले. नीलांबरीच्या हातातलं मडकं जड झालं, तिनं ते कमरेवर घेतलं. बारा वाजले, एक वाजला. वर एप्रिलचं ऊन, खाली मास्तर, आणि दोन्हीकडून हट्ट. मागून आलेले उत्तमराव आता रंगात आले.

"भाऊसाहेब, लावू का तहसीलदार सायबांना फोन? अर्ध्या घंट्यात आदेश आनतो, रस्ता मोकळा करायचा. संगट दोन पोलीस! बन्सी काय, त्याचा बाप हलंल!"

"नगं!" भाऊसाहेब ओरडले. त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. पुढे पोलीस, मधे मास्तर, मागे सही-शिक्क्याचा आदेश! पेटायच्या आधीच मास्तर तिरडीवर उठून बसले असते. भाऊसाहेब बांधावर मटकन बसले आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. दोनचा सुमार झाला होता. एका ओळीचं काम होतं आणि तेही आपल्याच्यानं निभेना, याची त्यांना इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

तेवढ्यात भामाबाई गर्दीतून वाट काढत आल्या.

"किती येळ उनात ठिवनार हायसा त्यास्नी? आपल्या रानात न्या की!"

"आगं, मधी डांबरी रस्ता हाय. सरकारी."

"मास्तर चालत जानार हायेत का? तुमच्या खांद्यावरनंच जानार ना? पाय तुमचे लागत्याल डांबराला. त्यांचे कसं लागत्याल?"

सकाळी आठपासून सहा तास, दोन स्वर्गरथ, एक नकाशा, एवढा घोळ, आणि हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. उत्तमरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भाऊसाहेबांना दुसरंच काहीतरी बोलायचं होतं. वर्ग दोन, शर्त, दुसऱ्या वापराला परवानगी, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी भामाबाईंकडे पाहिलं, तिरडीकडे पाहिलं आणि ते सगळं गिळून टाकलं. खोटं काही बोलले नाहीत. गप्प बसले, इतकंच. कचेरीत याला मार्ग काढणं म्हणतात.

मास्तर डांबरी रस्त्यावरून गेले, पण डांबराला न शिवता गेले. भाऊसाहेबांच्या रानात, उतारावरच्या मोकळ्या वाफ्यात जागा केली. तर लाकडं नाहीत! ती घाटावरच्या शेडमध्ये, ग्रामपंचायतीच्या पावतीवर. भाऊसाहेब कपाळाला हात लावणार, इतक्यात रस्त्यावर ट्रॅक्टर घडघडला. ट्रॉलीत वाळलेली बाभळ, आणि चालवायला बन्सी.

"माझ्या बांधाची बाभळ हाय," तो खाली उतरून म्हणाला. "माझ्या मर्जीनं देतोय. कुनी मागितली न्हाई."

"बन्सी, मघाशी—"

"भाऊसाहेब, सर रोज सकाळच्याला माझ्या रानातनं नदीला फिरायला जायचे. वीस वर्सं! रोज बांधापाशी थांबून इचारायचे, 'बन्सी, येऊ का?' मला लाज वाटायची. म्हनायचो, सर, तुमच्याच वडलांचं रान हाय. तर म्हनायचे, आता तुझं आहे, तू हो म्हटल्याशिवाय नाही." बन्सीनं बाहीनं नाक पुसलं. "तुमीबी इचारलं आसतं, तर मी स्वता कांदा गोळा करून वाट दिली आसती. तुमी नकाशा काढला."

भाऊसाहेब ट्रॉलीपाशी गेले आणि लाकडं उतरवू लागले.

नीलांबरीनं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडली. नदी सरकारी, म्हणून राख त्याच वाफ्यात खड्डा करून ठेवली आणि वर कडुनिंबाचं रोप लावलं. पुण्याला परतताना तिनं घडीची खुर्ची भाऊसाहेबांच्या हातात दिली. "काका, ही तुमच्याकडे असू द्या." त्या संध्याकाळी भाऊसाहेब एसटी थांब्यावर गेले, खुर्ची बाकाशेजारी मांडली, तास-दीड तास एकटेच बसले आणि खुर्ची घेऊन परत आले.

महिन्याभरानं पोस्टमन आला. "भाऊसाहेब, मास्तरांचं पत्र हाय. घराला कुलूप. तुमाला देऊ का?"

पाकीट कचेरीचं होतं! मास्तरांना कचेरीचं पत्र म्हणजे आश्चर्यच. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून वाचलं. 'विषय : भीमराज यांची वर्ग दोनची जमीन शर्तीतून मुक्त करणेबाबत. संदर्भ : आपला अर्ज.' आणि सोबत त्या अर्जाची प्रत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. माननीय साहेबांना विनंती करण्यात येते की. खाली सही. सहीच्या वर, 'आपला आज्ञाधारक'.

भाऊसाहेब ओट्यावर बसले. ज्या माणसानं बाकाला टेकायचं नाकारलं, त्यानं हे दोन शब्द लिहिले होते. स्वतःसाठी एक अर्ज केला नाही, आणि मित्राचं रान मित्राचं व्हावं म्हणून गुपचूप कचेरीच्या दारात गेला. हे शब्द लिहिताना मास्तरांचा जीव किती खाली-वर झाला असेल! भाऊसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडले. मयताच्या दिवशी वेळच मिळाला नव्हता.

पत्राच्या शेवटी कचेरीनं विचारलं होतं, 'आपला सदर जमिनीशी संबंध काय, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

खुलासा लिहिणं भाऊसाहेबांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी कोरा कागद घेतला. लिहायचं होतं एवढंच, की अर्जदार मयत. नोकरीत हजारो नावांपुढे त्यांनी हा शब्द लिहिला होता, चहा पिता पिता, गप्पा मारता मारता. आज म लिहिला आणि हात थांबला. कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी त्यांनी जे लिहवलं ते लिहिलं, 'अर्जदार सदर जमिनीत कायमस्वरूपी वास्तव्यास आहेत,' आणि पाठवून दिलं. खरंच होतं ते!

पण कचेरीला खरं कळतं म्हणजे काय कळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी माणूस विसरतो.

पंधरा दिवसांनी कचेरीचा कोतवाल दारात आला. हातात नोटीस, चेहरा ओशाळा. "भाऊसाहेब, मास्तरांच्या नावची हाय. आता मी कुनाला देऊ? तुमीच बजवा. तुमाला सवय हाय."

भाऊसाहेबांनी नोटीस घेतली. खुर्ची काखोटीला मारली आणि रानात गेले. कडुनिंबाला चार पानं फुटली होती. त्यांनी खुर्ची उघडून रोपाशेजारी नीट मांडली आणि स्वतः समोर ढेकळात बसले.

"ऐक, मास्तर. 'आपण सदर शर्तीच्या जमिनीत विनापरवाना वास्तव्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, सात दिवसांत जागा रिकामी करावी. अन्यथा आपणांस हलविण्यात येईल व त्याचा खर्च आपणांकडून वसूल करण्यात येईल.'"

खुर्ची रिकामीच होती. वाऱ्यानं तिची कडी जराशी वाजली.

"हारलो रं," भाऊसाहेब म्हणाले. "तीस वर्सांनी निकाल लागला. तुझंच खरं. मेल्यावरबी सोडत न्हाईत. पन तुला खरंच हलवाया आले, तर 'अट हाय म्हनून रान हाय' म्हनत ह्या वर्ग दोनच्या शर्तीवरच मी त्यांना कोर्टाच्या दारात उनात हुबं करीन. तवा माझंबी थोडं खरं."

त्यांनी रोपाला तांब्याभर पाणी घातलं. मग सवयीनं त्यांनी खिशातून पेन काढलं, नोटीस मांडीवर पसरली आणि खाली, जिथे बजावणाऱ्यानं शेरा मारायचा असतो तिथे, सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'इसम जागेवर हजर. नोटीस वाचून दाखविली. सही करण्यास नकार.'